कारागृहात कोर्सला नाव देताय? विचार सुटकेच्या दिवसापासून सुरू करा

मुलाखतीच्या रांगेतले नातेवाईक, जामिनावर नुकतेच बाहेर आलेले तरुण आणि आतून पत्र लिहिणारे बंदी यांचे प्रश्न फिरून फिरून तेच असतात. "साहेब म्हणतात शिवणकामाला नाव दे. नाही म्हटलं तर माफी कापतील का?" "केस अजून उभी राहायची आहे. सुधारणेच्या शिबिरात बसलो तर गुन्हा मान्य केला असं होईल का?" "सुतारकामाचा दाखला मिळालाय, पण वर कारागृहाचं नाव छापलंय. दाखवू कुणाला?"

या प्रश्नांची उत्तरं बहुतेकदा बॅरेकमधल्या ऐकीव माहितीवर दिली जातात, आणि त्यातली निम्मी चुकीची असतात. म्हणून इथे नियम, पर्याय आणि धोके एकेक करून पाहू. एक गोष्ट मात्र आधीच ठामपणे सांगावीशी वाटते. कारागृहात आज कोणता वर्ग सुरू आहे, तिथून निवड सुरू करू नका. सुटल्यावर तुम्ही कुठे राहणार आहात, त्या गावात कोणत्या हाताला काम मिळतं आणि कायद्याने तुम्हाला कोणती कामं खुली आहेत, हे आधी ठरवा. मग मागे येत येत कोर्स निवडा.

सक्ती कुणावर आणि मर्जी कुणाची?

सगळा गोंधळ इथे सुरू होतो, कारण 'काम' आणि 'प्रशिक्षण' या दोन वेगळ्या गोष्टी एकाच श्वासात बोलल्या जातात.

- न्यायाधीन बंदी, म्हणजे कच्चे कैदी: तुमच्यावर गुन्हा सिद्ध झालेला नाही. तुम्हाला कारखान्यात किंवा शेतीवर राबवता येत नाही. तुम्ही स्वतःहून काम मागू शकता, वर्गात बसू शकता, परीक्षा देऊ शकता.
- साध्या कारावासाची शिक्षा झालेले: इच्छा असेल तर काम, नसेल तर नाही. हा नियम १८९४च्या तुरुंग अधिनियमापासून चालत आला आहे. इच्छा असेल तर काम उपलब्ध करून देणं ही अधीक्षकांची जबाबदारी आहे.
- सश्रम कारावासाची शिक्षा झालेले: नेमून दिलेलं काम करणं हा शिक्षेचाच भाग आहे, ते नाकारता येत नाही. पण ते फुकट करून घेता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९८मध्ये गुजरात राज्याच्या प्रकरणात सांगितलं की सश्रम कारावासातल्या कामालाही न्याय्य वेतन द्यायला हवं. वेतनातला काही भाग गुन्ह्यातल्या पीडितांच्या भरपाईसाठी वेगळा ठेवण्याची तरतूद राज्य करू शकतं, हेही त्याच निकालात आहे.

साक्षरता वर्ग, संगणक, शिवणकाम, रागावर ताबा, व्यसनमुक्ती, योग, ध्यान, प्रवचन यांपैकी कशालाही नाव देणं ऐच्छिक आहे, मग तुम्ही वरच्या कुठल्याही गटातले असा. सश्रम कारावासातल्या बंद्याला कारखान्यात जावं लागतं. पण कोणत्या विभागात जायचं याची विनंती त्याला करता येते, आणि ती लेखी करावी.

देशातल्या बंद्यांपैकी बहुसंख्य कच्चे कैदी आहेत, हे लक्षात घ्या. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२च्या आकडेवारीत एकूण ५,७३,२२० बंद्यांपैकी ४,३४,३०२ न्यायाधीन होते. म्हणजे आत असलेल्या दर चार माणसांतल्या तिघांच्या बाबतीत कामाची सक्तीच नाही. तरी "इथे आल्यावर सांगितलेलं करावंच लागतं" असं मानून गप्प बसणारेही त्यांच्यातच जास्त आढळतात.

माफीचा प्रश्न

माफी म्हणजे शिक्षेतून कमी होणारे दिवस. ती शिक्षा झालेल्यांनाच लागू होते. कच्च्या कैद्याला शिक्षाच झालेली नसते, त्यामुळे त्याची माफी कापण्याचा प्रश्न येत नाही. पुढे शिक्षा झालीच, तर आधी आत काढलेले दिवस तीतून वजा होतात. ही वजावट कायद्याने मिळते, वर्गातल्या हजेरीशी तिचा संबंध नाही.

सिद्धदोष बंद्याला साधारण माफी मिळते ती चांगली वर्तणूक आणि नेमलेलं काम यांवर. नेमलेलं काम टाळलं तर तिच्यावर परिणाम होतो. ऐच्छिक कोर्सला नाव दिलं नाही म्हणून ती कापली जाऊ नये. शिक्षणाचं वेगळं आहे. महाराष्ट्रात परीक्षा उत्तीर्ण झालेल्या बंद्यांना विशेष माफी दिली जाते. ती नाव न देणाऱ्याला मिळणार नाही, हे उघड आहे. पण न मिळणं आणि असलेलं कापलं जाणं यांत फरक आहे. कुणी "नाव दे, नाहीतर माफी जाईल" असं म्हणालं, तर नम्रपणे विचारा: "कोणत्या नियमाखाली? मला लेखी मिळेल का?"

जन्मठेपेच्या बंद्यांसाठी आणखी एक गोष्ट. मुदतपूर्व सुटकेचा प्रस्ताव तयार होतो तेव्हा आतली वर्तणूक, काम आणि शिक्षण यांचा अहवाल जातो. तिथे वर्षानुवर्षांच्या नोंदींना वजन असतं. शेवटच्या वर्षी घाईघाईने मिळवलेल्या दाखल्यांपेक्षा सातत्याने केलेलं एक काम अहवालात जास्त बोलतं.

केस चालू असताना वर्गात बसणं

शिबिरात बसणं म्हणजे गुन्ह्याची कबुली नाही. तुम्ही रागावर ताबा मिळवण्याच्या वर्गाला गेलात याचा अर्थ तुम्ही मारहाण केलीत असा न्यायालय काढू शकत नाही. स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती कुणावरही करता येत नाही, हे राज्यघटनेच्या कलम २० मध्येच आहे.

धोका दुसरीकडे आहे. गटचर्चेत माणूस मोकळा होतो, बाजूला बसलेल्यांना घटनेचे तपशील सांगून बसतो. समुपदेशकाचा हेतू चांगला असला तरी वर्गात इतर बंदीही असतात, आणि त्यांतला एखादा उद्या तुमच्या केसमध्ये साक्षीदार होऊ शकतो. म्हणून एवढं पाळा:

- स्वतःच्या स्वभावाबद्दल, घराबद्दल, व्यसनाबद्दल जरूर बोला. घटनेच्या दिवशी काय झालं, कोण होतं, हत्यार कुठे गेलं, हे फक्त वकिलाशी बोला.
- नावनोंदणीच्या अर्जात "मी माझा गुन्हा मान्य करतो" अशा अर्थाचं वाक्य असेल तर सही करू नका. ते वाक्य खोडून सही करता येईल का, असं विचारा.
- "तू केलंस हे मान्य केल्याशिवाय तुझ्यात सुधारणा होणार नाही" असं कुणी म्हणालं, तर "केस न्यायालयात आहे" एवढं उत्तर पुरे.

कोर्सचा दाखला जामीन अर्जाला जोडता येतो, पण त्यावर जामीन मिळतो अशी आशा धरू नका. पुढे शिक्षेच्या प्रमाणावर सुनावणी झाली तर मात्र आतल्या वर्तणुकीचा पुरावा म्हणून तो वकिलाने न्यायालयासमोर ठेवावा.

कच्च्या कैद्यांनी कोर्स निवडताना मुदतीकडे पहिलं लक्ष द्यावं. जामीन कधीही होऊ शकतो. शिवाय भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९प्रमाणे पहिल्यांदाच गुन्ह्यात सापडलेल्या व्यक्तीने त्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढला, तर तिची बंधपत्रावर सुटका व्हायला हवी. इतरांसाठी ही मर्यादा निम्मी आहे. फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना आणि एकाहून अधिक खटले चालू असलेल्यांना ही सवलत नाही. मुदत भरल्यावर न्यायालयाकडे लेखी अर्ज करणं हे कारागृह अधीक्षकांचं कर्तव्य आहे, तरी घरच्यांनी तारीख मोजून ठेवावी. अशा परिस्थितीत वर्षभराच्या कोर्सपेक्षा दोन-तीन महिन्यांत पुरा होणारा किंवा बाहेर जाऊन पुरा करता येणारा कोर्स बरा.

उलटा हिशोब: आधी दारं, मग कोर्स

हा भाग सगळ्यात महत्त्वाचा आहे, आणि नेमका तोच कुणी समजावून सांगत नाही. शिक्षा झालेल्या माणसाला काही दारं कायद्यानेच बंद असतात. ती माहीत नसली की महिनोन्महिने घेतलेलं प्रशिक्षण वाया जातं.

- खासगी सुरक्षारक्षक. सुटल्यावर हे काम पटकन डोळ्यांपुढे येतं, कारण भांडवल लागत नाही आणि शिक्षणही फारसं लागत नाही. पण खासगी सुरक्षा एजन्सींच्या २००५च्या कायद्याप्रमाणे न्यायालयाने दोषी ठरवलेल्या व्यक्तीला सुरक्षारक्षक किंवा पर्यवेक्षक म्हणून नेमता येत नाही. एखादी एजन्सी कागदपत्रं न बघता ठेवून घेईल, पण पडताळणी झाली की काम जाईल, कदाचित पगारही अडकेल. निर्दोष सुटलेल्यांना ही बंदी नाही.
- सरकारी आणि निमसरकारी नोकरी. सरसकट बंदी नाही, पण चारित्र्य पडताळणी होते आणि निर्णय नेमणूक करणाऱ्याच्या हातात असतो. स्पर्धा परीक्षेच्या तयारीत उमेदीची वर्षं घालण्याआधी वकिलाशी बोला.
- रिक्षा-टॅक्सीचा बॅज. वाहन चालवण्याचा साधा परवाना आणि प्रवासी वाहनाचा बॅज या वेगळ्या गोष्टी आहेत. बॅजसाठी पोलीस पडताळणी लागते. ड्रायव्हिंगचा कोर्स घेणार असाल तर परिवहन कार्यालयात आधी चौकशी करायला घरच्यांना सांगा. ट्रॅक्टर, टेम्पो, शेतमालाची वाहतूक हे पर्यायही पाहा.
- आखातातली नोकरी. कोकणातून हा प्रश्न हमखास येतो. नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात दोन वर्षं किंवा अधिक शिक्षा झाली असेल, तर शिक्षा सुनावल्यापासून पाच वर्षांत केलेला पासपोर्टचा अर्ज नाकारला जाऊ शकतो. खटला चालू असेल तर न्यायालयाची परवानगी लागते. त्यामुळे परदेशात मागणी आहे एवढ्यावर वेल्डिंगला नाव देऊ नका. वेल्डिंग इथेही चालतं, म्हणून द्या.

आता उघडी दारं. सुतारकाम, शिवणकाम, बेकरी, वीज दुरुस्ती, नळकाम, गवंडीकाम, मोबाइल दुरुस्ती, शेती, रोपवाटिका, कुक्कुटपालन. या कामांत गिऱ्हाईक तुमचा पूर्वेतिहास विचारत नाही, काम बघतं. म्हणून सुटलेल्यांपैकी बहुतेकांना मी आधी स्वयंरोजगाराचा सल्ला देते, आणि नोकरी हवीच असेल तर छोट्या कारखान्यातली किंवा ओळखीच्या मालकाकडची.

गावाचा हिशोबही तितकाच महत्त्वाचा. नाशिकरोड मध्यवर्ती कारागृहात पैठणी विणली जाते आणि गणेशमूर्तीही घडवल्या जातात. दोन्ही कामं सुंदर आहेत. पण तुम्ही येवला किंवा पैठणच्या आसपास राहणार असाल तर पैठणीच्या हाताला माग मिळेल. गडचिरोलीला परतणार असाल तर माग कुठून आणणार आणि विणलेली साडी कुठे विकणार? मूर्तिकाम हंगामी आहे, पण महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी ते विकलं जातं, आणि उरलेल्या महिन्यांत त्याच हाताने रंगकाम करता येतं. कोल्हापूरच्या कळंबा कारागृहात अंबाबाईच्या प्रसादाचे लाडू बंद्यांनी वळले आहेत. मोठ्या प्रमाणावर, स्वच्छतेचे नियम पाळून खाद्यपदार्थ करण्याचा सराव कुठल्याही शहरात कामाला येतो. केटरिंगवाल्याकडे लगेच उभं राहता येतं.

ज्यांच्या घरी जमीन आहे त्यांनी शेतीला कमी लेखू नये. खुल्या कारागृहातली शेती शिकण्याची संधी असेल तर ती मागून घ्या. सांगली जिल्ह्यात आटपाडीजवळ स्वतंत्रपूरची खुली वसाहत आहे. औंध संस्थानात १९३९मध्ये ती सुरू झाली, आणि व्ही. शांताराम यांच्या 'दो आँखें बारह हाथ' या १९५७च्या चित्रपटामागची प्रेरणा तीच. तिथे बंदी कुटुंबासह राहून शेती करतात. सगळ्यांना तिथे जाता येत नाही, निवडीचे निकष कडक आहेत. पण सुटकेनंतरच्या आयुष्याचा याहून जवळचा सराव मला दुसरा दिसत नाही. पात्र असाल तर अर्ज करायला लाजू नका.

नाव देण्याआधी हे विचारा

- दाखला कोण देणार? कारागृह, औद्योगिक प्रशिक्षण संस्था, विद्यापीठ की एखादी स्वयंसेवी संस्था? बाहेर त्याला मान्यता आहे का?
- दाखल्यावर कारागृहाचं नाव किंवा पत्ता येणार का? येणार असेल तर प्रशिक्षण देणाऱ्या संस्थेच्या नावाने दाखला मिळावा अशी विनंती सुरुवातीलाच करा. छापून झाल्यावर बदल होत नाही.
- मध्येच जामीन झाला किंवा दुसऱ्या कारागृहात बदली झाली तर कोर्स कुठे पुरा करायचा?
- रोजचा वर्ग कारखान्याच्या वेळेत आहे का? असल्यास त्या तासांची मजुरी जाणार का?
- यंत्रावर प्रत्यक्ष हात किती तास मिळणार? तीस जणांत दोन शिलाई मशीन असतील तर ते प्रशिक्षण नाही, हजेरी आहे.
- समारंभात फोटो, व्हिडिओ काढणार का? तुम्ही नाही म्हणू शकता. वृत्तपत्रात छापलेला चेहरा पुढे नोकरी शोधताना आडवा येतो, आणि मुलांच्या शाळेपर्यंत पोहोचतो. "माझा चेहरा दाखवू नका" हे आधीच सांगा.

दीर्घ मुदतीच्या शिक्षणासाठी इग्नू आणि यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ यांची अभ्यासकेंद्रं अनेक कारागृहांत आहेत. यांचा मोठा फायदा हा की सुटल्यावर केंद्र बदलून शिक्षण पुढे चालू ठेवता येतं. शिक्षा लांबची असेल आणि वाचनाची आवड असेल, तर छोट्या छोट्या शिबिरांच्या ढिगापेक्षा एक पदवी धरा.

जीवनकौशल्य म्हणजे फक्त प्रवचन नव्हे

'जीवनकौशल्य' म्हटलं की बंदी कंटाळतात, कारण बऱ्याचदा त्या नावाखाली भाषणं ऐकवली जातात. मागायला हवं ते वेगळंच. दहा-बारा वर्षं आत काढलेला माणूस आज बाहेर येतो तेव्हा त्याला माहीत असलेलं जग उरलेलं नसतं. २०१६मध्ये जुन्या पाचशे-हजारच्या नोटा गेल्या आणि त्याच वर्षी यूपीआय आलं. भाजीवाली कोड पुढे करते. बँक ओटीपी मागते. रेशन, गॅस, शाळेचा प्रवेश, रेल्वेचं तिकीट सगळं मोबाइलवर. या माणसाला सगळ्यात आधी हवं असतं ते ओटीपी म्हणजे काय आणि तो कुणाला सांगायचा नाही, हे. सुटलेली माणसं ऑनलाइन फसवणुकीला सहज बळी पडतात, कारण बोलावं, विचारावं असं त्यांना जवळ कुणी नसतं.

म्हणून तुमच्या कारागृहात असा वर्ग नसेल तर कारागृह शिक्षकांकडे किंवा भेट देणाऱ्या संस्थेकडे लेखी मागणी करा: मोबाइल व्यवहार, बँक खातं, ऑनलाइन अर्ज, नोकरीच्या मुलाखतीत बोलणं. पाच-दहा बंद्यांच्या सह्या असल्या की अशा मागणीकडे लक्ष दिलं जातं.

व्यसनाच्या बाबतीत मात्र माझा आग्रह आहे. दारू किंवा नशेमुळे घडलेल्या गुन्ह्यात आत असाल तर व्यसनमुक्तीच्या गटाला जरूर जा, आणि सुटल्यावर कुठे जाणार ते आतच ठरवा. अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या सभा राज्यभर होतात, तिथे आडनाव विचारत नाहीत. पुण्यात मुक्तांगण १९८६पासून हे काम करतं. आत असताना नशा सुटली असं वाटतं, कारण आत ती सहज मिळत नाही. खरी परीक्षा सुटल्यावर पहिल्याच आठवड्यात होते.

महिला बंदींसाठी

महिलांना बहुतेक वेळा शिवण, भरतकाम आणि पार्लर एवढेच वर्ग मिळतात. तुम्हाला संगणक, हिशोब, रुग्णसेवा शिकायची असेल तर तशी मागणी करा, ती गैर नाही. सहा वर्षांपर्यंतचं मूल आईसोबत आत राहू शकतं, आणि अशा मुलांसाठी पाळणाघर, बालवाडी असावी असं सर्वोच्च न्यायालयाने २००६मध्ये सांगितलं आहे. त्यामुळे "मूल आहे, तू वर्गाला येऊ शकत नाहीस" हे कारण चालत नाही.

बाहेर असलेल्या मुलांसाठी राज्य सरकारची बालसंगोपन योजना आहे. आई किंवा वडील कारागृहात असतील तर सांभाळणाऱ्या नातेवाईकाला मुलामागे दरमहा २,२५० रुपये मिळू शकतात. अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात करायचा. ही माहिती फार कमी घरांपर्यंत पोहोचते.

सुटल्यावर सासर आणि माहेर दोन्ही दारं लावून घेतात, असं बायकांच्या बाबतीत पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त घडतं. त्यामुळे कोर्स निवडताना "कुठे राहणार" हा प्रश्न त्यांच्यासाठी आणखी आधी येतो. परिवीक्षा अधिकाऱ्यांना वसतिगृहाबद्दल सुटकेच्या कितीतरी आधी विचारा. १८१ या महिला मदतवाहिनीवरही विचारता येतं.

जात विचारून काम दिलं तर

३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर, कारागृहात जातीवरून कामाची वाटणी करणं घटनाबाह्य ठरवलं. अमक्या जातीच्या बंद्याने झाडू मारायचा आणि अमक्याने स्वयंपाक करायचा, हे चालणार नाही. बंद्यांच्या नोंदवहीतला जातीचा रकानाही काढायला न्यायालयाने सांगितलं. हे प्रशिक्षणालाही लागू आहे असं समजा. पारधी किंवा इतर विमुक्त जमातीचे आहात म्हणून तुम्हाला चांगल्या वर्गातून वगळलं जात असेल, तर तो अन्याय आहे आणि त्याची तक्रार करता येते.

तक्रार कुठे करायची: आधी अधीक्षकांकडे लेखी, मग भेटीला येणाऱ्या जिल्हा न्यायाधीशांपुढे किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या वकिलाकडे. कोठडीत असलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे. घरच्यांनी १५१०० या क्रमांकावर फोन केला तरी चालतो.

मजुरी आणि कर्ज

आतल्या मजुरीचे दर कुशल, अर्धकुशल, अकुशल असे असतात आणि वेळोवेळी बदलतात. कोर्स पुरा केल्यावर तुमची वर्गवारी वाढते का, ते विचारा आणि वाढली तर नोंद झाली का ते तपासा. खात्यातल्या जमा रकमेचा हिशोब दर काही महिन्यांनी मागा, सुटकेच्या दिवशी घाई असते.

महाराष्ट्र राज्य सहकारी बँकेने १ मे २०२२ रोजी येरवडा कारागृहात 'जिव्हाळा' ही कर्जयोजना सुरू केली. ५० हजार रुपयांपर्यंत, ७ टक्के व्याजाने, जामीनदाराशिवाय, आणि परतफेड बंद्याच्या मजुरीतून. सावकाराच्या दारात जाण्यापेक्षा हे केव्हाही बरं. पण हिशोब मांडूनच घ्या. हप्ता मजुरीतून जाणार म्हणजे सुटताना हातात उरणारी रक्कम कमी होणार. मुलीच्या फीसाठी किंवा घराच्या छपरासाठी घ्या. बाहेर धंदा टाकायचा असेल तर सुटकेवेळी शिल्लक असणं जास्त मोलाचं आहे.

कुणाला काय सांगायचं

नोकरीच्या अर्जात "कधी अटक झाली होती का, खटला चालला होता का, शिक्षा झाली होती का" असं विचारलं असेल तर खरं लिहा. निर्दोष सुटला असाल तरीही, प्रश्न अटकेबद्दल असेल तर अटक लिहा आणि निकालाची प्रत जोडा. सर्वोच्च न्यायालयाने २०१६मध्ये अवतार सिंग यांच्या प्रकरणात हेच सांगितलं: दिलेली माहिती खरी हवी. खरं सांगितलं तरी नोकरी मिळेलच असं नाही, हेही त्याच निकालात आहे. पण लपवलं आणि उघडकीला आलं, तर गुन्हा किरकोळ असला तरी फसवणूक म्हणून नोकरी जाऊ शकते. खासगी मालकाने विचारलंच नाही, तर स्वतःहून सांगण्याची सरसकट सक्ती कायद्यात नाही. तिथे माणूस बघून ठरवा.

दोन गटांना कायद्याने मोठा दिलासा आहे, आणि तो त्यांना कुणी सांगत नाही. परिवीक्षा अधिनियम, १९५८खाली ताकीद देऊन किंवा चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडलं असेल, तर कलम १२प्रमाणे त्या दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागू होत नाही. आणि गुन्हा घडला तेव्हा वय अठराच्या आत असेल व प्रकरण बाल न्याय मंडळापुढे चाललं असेल, तर तीही अपात्रता उरत नाही. अशा वेळी फॉर्म भरण्याआधी आदेशाची प्रत वकिलाला दाखवा.

सुटकेआधीचे शेवटचे तीन महिने

- आधार कार्ड चालू आहे का, मोबाइल क्रमांक कुणाचा जोडलाय, ते घरच्यांकडून तपासून घ्या. क्रमांक बंद पडला असेल तर सुटल्यावर पहिलं काम ते बदलण्याचं.
- न्यायालयाच्या कागदांत तुमचं नाव 'ऊर्फ' लावून असतं. दाखल्यावर मात्र आधारवरचंच नाव, त्याच शुद्धलेखनाने हवं. परीक्षेचा अर्ज भरतानाच हे पाहा.
- सगळ्या दाखल्यांच्या प्रती मुलाखतीला आलेल्या माणसाकडे द्या. बदलीत आणि झडतीत कागद हरवतात.
- घरच्यांनी गावातल्या किमान दोन मालकांशी किंवा कारागिरांशी आधी बोलून ठेवावं. कोर्स काय केलाय आणि पहिला महिना कमी पैशांत काम करायची तयारी आहे, एवढं सांगितलं तरी पुरतं.
- परिवीक्षा अधिकाऱ्यांकडे मुक्त बंद्यांसाठीच्या आर्थिक मदतीची चौकशी करा आणि अर्ज आत असतानाच भरा.
- मुंबई परिसरात राहणार असाल तर टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या 'प्रयास' प्रकल्पाचा पत्ता विचारून ठेवा. बंदी आणि सुटलेल्यांसोबत तो १९९०पासून काम करतो.
- जामिनाच्या आदेशात हजेरीची अट असेल तर ती तंतोतंत पाळा आणि वही जपून ठेवा. अट नसताना पोलीस ठाण्यातून बोलावणं आलं, तर लेखी नोटीस मागा आणि एकटे जाऊ नका.
- कारागृहात गेलं की मतदानाचा हक्क कायमचा जातो, हा गैरसमज सोडून द्या. आत असताना मत देता येत नाही, सुटल्यावर देता येतं. यादीत नाव आहे का ते तपासा, नसेल तर नोंदणीचा अर्ज करा. मतदार ओळखपत्र पत्त्याचा पुरावा म्हणूनही खातं उघडताना आणि भाड्याची खोली घेताना कामाला येतं.